जांघेतल्या उवा आणि अब्रूदार माणसं

सत्तरच्या दशकात आष्ट्याला माझा दवाखाना होता. ताप-खोकल्याचे पेशंट मी केव्हाच विसरलो. जांघेतल्या उवा घेऊन आलेली अब्रूदार माणसं मात्र डोक्यात साठत गेली. खाज सगळ्यांची सारखीच, थापा ज्याच्या त्याच्या.

*

एक निवृत्त सुभेदार आले. "गर्मी झालीय डॉक्टर, थंडाईचं काहीतरी द्या."

तपासलं. केसांच्या मुळाशी खेकड्यासारखी चपटी ऊ, शेजारी लिखा. मी भिंग त्यांच्याच हातात दिलं. बराच वेळ बघून म्हणाले, "एस्टीच्या सीटवरनं आली असंल."

"सुभेदार, पँट घालून बसला होता ना?"

त्यावर त्यांनी लढाईच्या गोष्टी काढल्या.

*

एक हेडमास्तर महिनाभर डोळ्यांत गुलाबपाणी घालत होते. बघतो तर पापण्यांच्या केसांना लिखा.

"सर, ही डोक्यातली ऊ नव्हे, खालची. पँट काढा."

"मी संस्कृत शिकवतो," ते ताठ होऊन म्हणाले.

"तिला ते ठाऊक नाही."

काढली. होत्याच.

*

आणि एक मोठा बागायतदार. डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून पठ्ठ्यानं उसावर मारायचं औषध उचललं आणि तिथं चोळलं. कातडी सोलून निघाली, उलट्या सुरू झाल्या, हातपाय थरथरायला लागले. भावांनी जीपमधून आणलं. सलाईन लावून कसाबसा वाचवला. तो वाचला, लिखाही वाचल्या.

कातडी भरून आल्यावर मी बेंझिल बेंझोएट लावायला दिलं. आठवड्यानं पुन्हा लावा, कपडे-अंथरूण उकळा, आणि बायकोलाही तपासायला आणा, असं सांगितलं.

"तिनंच आणल्यात, जतवरनं, म्हायेरातनं," तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.

बायको आली, कडेवर तान्हं मूल. बाळंतपणाला म्हणून ती सहा महिने जतलाच होती. नवरा आजारी पडल्याचा निरोप गेला तेव्हा कुठं परतली होती. नर्सनं नीट तपासलं. एक ऊ नाही, एक लीख नाही.

तिनं एवढंच विचारलं, "लेकराला लागत्याल?"

"त्यांच्या अंथरुणात झोपवलं तर लागतील. ते बरे होईपर्यंत लांब राहा."

ती बाहेर गेली. बाक पेशंटांनी भरलेला, मधोमध नवरा बसलेला. त्याच्यापुढं उभी राहून शांतपणे म्हणाली,

"आवं, मी लेकराला घिऊन जतला चालले. तुमची जित्राबं मेली की सांगावा धाडा."