आठ सोंडांचा मान

माझ्या मामांना समुद्राची जेवढी माहिती होती, तेवढी खुद्द अरबी समुद्रालाही नसेल. आणि मामांनी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे सोनपेठजवळची गोदावरी, तीही उन्हाळ्यातली. हैदराबाद संस्थान विलीन झालं त्या धामधुमीत सोनपेठच्या जुन्या बाजारात, शाळेत ड्रॉइंग मास्तर असलेल्या मामांना एक जाडजूड विलायती पुस्तक सापडलं: बिनकण्याच्या समुद्री प्राण्यांची जुनी चित्रं. मजकुराचं अक्षर कळत नव्हतं, पण खारीच्या शेपटीच्या एका केसाचा ब्रश करून मामा जेलीफिशच्या झिरमिळ्या काढायला बसले, की घरात श्वास सोडायचीही बंदी असे. "त्या बिनकण्यांच्या पुस्तकात आमच्या ह्यांचं चित्र कितव्या पानावर हाय?" एवढंच मामी श्वास कोंडून मला विचारत. नकलेत तिळाएवढा फरक खपत नसे. एकदा मी हौसेनं तारामाशाला डोळे काढले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पुस्तकात न्हाई ते जगात न्हाई!"

अशा माणसावर लेकीच्या लग्नात दाराच्या दोन्ही अंगांना मानाचे हत्ती काढायची पाळी आली. वरात दारात आली आणि थबकलीच. दोन्हीकडे त्या पुस्तकातले, बैलाएवढे गुलाबी अष्टपाद! सनईवाल्याचा सूर सनईतच अडकला. नवरदेवाचे वडील फुरफुरले, "मास्तर, हे काय काढून ठेवलाव? हत्ती कुठाय? हत्तीबिगर आमचं पोरगं आत पाऊल टाकणार न्हाई!" मुंडावळ्या बांधलेली लेक शकू उंबऱ्याआड रडायला लागली. मामांनी शांतपणे चष्मा पुसला.

"इवाई, हत्तीला सोंडा किती?"

"एक."

"आता ह्याच्या मोजा."

व्याह्यांनी मोजल्या. बोट लावून पुन्हा मोजल्या. मग मागं वळून भावकीवर गरजले, "आठ सोंडांचा मान हाय आठ! तुमच्यातल्या कुणाला गावलाय का कवा? वाजवा रे!" त्या लगीनसराईत पिंगळीपासून राणीसावरगावापर्यंत एकाही वरबापानं हत्तीकडं ढुंकून पाहिलं असेल तर शपथ.

सासरी निघताना शकूनं रिवाजाप्रमाणं हळदीचा हात भिंतीवर उमटवला, तो नेमका अष्टपादाच्या अंगावर. दिवाळीला सारं घर चुन्यानं पांढरं झालं. तेवढी भिंत मामांनी सोडली. पुढंही दरसाल सोडली. गुलाबी रंग उडत गेला, पिवळा पंजा मात्र टिकला.

"मामा, पुस्तकात ह्याला आठच हात हाईत की," मी एकदा जुनं उट्टं काढलं. "हा नववा कुठला?"

मामांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"पुस्तकवाल्यानं," ते म्हणाले, "लेक सासरी धाडली नसंल."