मायला पाठवलेलं आभाळ

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्या मायला येडी म्हणायला नको.

मी किल्लारीचा. पोकलेन चालवतो. उन्हाळा लागला की लडाखला रस्त्याच्या कामावर जातो आणि थंडी पडायच्या आत परत येतो. घरी माय आणि बायको. माय भूकंपातून वाचलेली. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या, त्यात माझी थोरली बहीण गेली. मी चार वर्षांचा होतो. मला मायनं बाहेर ओढलं, बहिणीपर्यंत तिचा हात पोचला नाही. तेव्हापासून माय स्लॅबखाली झोपली नाही. सरकारनं नवं घर दिलं तर त्यात भांडी राहिली आणि माय पुढच्या पत्र्याच्या शेडात. आमच्याकडं याचं कुणाला नवल नाही, तिच्या वयाची बरीच माणसं अशीच झोपतात.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. लातूरचे डॉक्टर म्हणाले, आत्ता काढली तर घाबरायचं कारण नाही, उशीर मात्र करू नका. पण वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. माय म्हणाली, "मी न्हाई जायची." मी डोंगरावरून महिनाभर फोनवर तिच्या मागं लागलो. रागावलो, लाडीगोडी लावली, शेवटी खरंच रडलो. तेव्हा कुठं ती हाव म्हणाली. ऑपरेशन आठ दिवसांवर आलं आणि मी हा उद्योग केला.

मे महिना होता. रात्री लघवीला तंबूबाहेर आलो तर उत्तरेकडच्या डोंगरावर आभाळ तांबूस. वणवा म्हणावा तर तिथं जळायला एक झाड नाही. साइटवरचा इंजिनिअर आधीच बाहेर उभा होता. म्हणाला, हा ध्रुवाकडचा उजेड आहे, सूर्यावर मोठं वादळ झालं म्हणून इतक्या खाली दिसतोय, जन्मात एकदा बघायला मिळतो. डोळ्याला तो फिकाच होता, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. मोबाइलात मात्र लालभडक आला. थंडीनं दात वाजून राहिले होते, तरी आत जाववेना. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. वाटलं, मायला हे दाखवलंच पाहिजे. सकाळी बायकोच्या मोबाइलवर फोटो टाकला.

त्या भूकंपाच्या पहाटेही आभाळ तांबडं झालं होतं, असं माय सांगायची. मी ते शंभरदा ऐकलं होतं. त्या सकाळी माझी अक्कल कुठं पेंड खायला गेली होती, देव जाणे.

मायनं फोटो बघून बायकोकडून मला फोन लावून घेतला. "हे तू हाईस तिथलंच का रं?"

"हाव माय. माझ्या डोक्यावरचं."

"खाली कधी येतूस?"

"काम उरकल्यावर. दिवाळीच्या आधी येतो."

"बरं," म्हणाली आणि फोन बायकोकडं दिला.

आठ दिवसांनी बायकोचा फोन. "अहो, जीप दारात हाय आन सासूबाई लिंबाखाली बसून राहिल्यात. दवाखान्यात न्हाई म्हणतात. आता तर शेडातबी येईनात." मी फोनवर मायला नको नको ते बोललो. इंजिनिअरनं सांगितलेलं सगळं शास्त्र ऐकवलं. सूर्य, वादळ, भूकंपाशी काडीचा संबंध नाही. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हाव का? बघू फुडं." मला वाटलं, जुनी भीती पुन्हा उठली. म्हातारीला स्वतःच्या जिवापलीकडं काही दिसत नाही, असंही वाटलं. तसं मी बायकोला बोललो, आणि पंधरा दिवस घरी फोन केला नाही.

पावसाळा लागला. माय पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन लिंबाखाली बाजेवर बसायची. गावानं समजावलं, बायकोनं पाय धरले. दर फोनला माय एवढंच विचारायची, "कधी येतूस?" आणि मी चिडून म्हणायचो, "तू आधी दवाखान्यात जा, मग येतो."

शेवटी बायको म्हणाली, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. तेव्हा मी काम टाकलं. नांदेडला रेल्वेतून उतरलो, एसटी धरली. दारात आलो तर बाजेवर माय कुठं आणि गोधडी कुठं, कळेना. म्हणाली, "आधी घरात जा." पाया पडू दिलं नाही. मी आत गेलो. माझ्या मागोमाग, बायकोच्या खांद्यावर हात टाकून, माय उंबरा ओलांडून स्लॅबखाली आली. देवीपुढं दिवा लावला आणि माझ्याकडून नारळ फोडून घेतला.

"भवानीला नवस बोलले हुते," ती म्हणाली. "लेकरू डोंगरावरून सुखरूप घरात येईस्तवर मी छताखाली बसायची न्हाई. फिटला आज. आता ने मला लातूरला."

मी म्हणालो, "अगं माय, मग मला सांगायचं की. दुसऱ्या दिवशी आलो असतो."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "मी बोलवून आलास तर देवीनं आणला कसं व्हईल?"

तिच्या जिवाचं तिला काही नव्हतंच. मी मात्र तिला भित्री ठरवून मोकळा झालो होतो.

लातूरला डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. आता चाकू लावून उपयोग नाही, म्हणाले, इतके दिवस कुठं होता? तिसऱ्या मजल्यावर माय नऊ दिवस होती. एकदाही वर छताकडं बघितलं नाही. गाढ झोपायची. मी कॉटजवळ बसून स्वतःला शिव्या देत राहायचो.

आठव्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज राहिला नव्हता. "खरं सांग बाबा. तू खाली आल्यावर तिथं काय झालं का रं?"

काहीच झालं नव्हतं. आदल्या दिवशीच साइटवरच्यांचा फोन आला होता, काम सुरळीत चालू होतं, माझ्या पोकलेनवर दुसरा माणूस बसला होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"हाव माय," मी म्हणालो. "दरड आली. माझ्या तंबूवरच."

तिनं डोळे मिटले. मग शेजारच्या कॉटवरच्या बाईकडं मान वळवून म्हणाली, "बघा, मी म्हणलं न्हवतं?" दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

ती दरड माझ्याआधी गावात पोचली. आता जो भेटतो तो पाठीवर हात ठेवून सांगतो, तुझ्या मायनं तुला वाचवलं रं. मी हाव म्हणतो.