होईलकाका आणि तळघरातली कडी

त्या इमारतीत काही बिघडलं की लोक आधी होईलकाकांना शोधायचे आणि मग नेमकं काय बिघडलंय ते बघायचे. नळ गळत असो, खुर्चीचं चाक निसटलेलं असो, एसीचं पाणी कुणाच्या टेबलावर टपटपत असो, काकांना जिन्यात, लिफ्टमध्ये, अगदी हात धुताना गाठून सांगितलं जायचं आणि काका म्हणायचे, "होईल." आवाजात ना कुरकुर, ना घाई. एवढ्या एका शब्दावर त्यांनी सगळ्या मजल्यांची देखभाल सांभाळली आणि त्याच शब्दावरून लोकांनी त्यांचं नाव पाडलं. लग्नही तसंच झालं म्हणे. काकू अजून पाहुण्यांना सांगतात, "मीच विचारलं होतं, जमेल का आपलं? हे म्हणाले, होईल. हो म्हणायचं राहिलंय ते राहिलंयच."

माणूस लोण्यासारखा, पण एक खोट होती. विसरायचे. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या कोंबायचे आणि त्या शर्टाबरोबर धुतल्या जायच्या. मग जो चारदा आठवण करील त्याचं काम चारदा व्हायचं आणि जो भिडस्त असेल त्याची खुर्ची वर्षभर डुगडुगत राहायची. डुगडुगणारा माणूससुद्धा काकांबद्दल वाईट बोलायचा नाही, ही काकांची कमाई.

कंपनीत नवीन मॅनेजरबाई आल्या. वयाने लहान, बोलायला सरळ. त्यांनी आल्या आल्या ठरवलं की यापुढे इमारतीची सगळी कामं सॉफ्टवेअरवरून होतील. तक्रार करायची ती संगणकावर. तिला म्हणायचं तिकीट. तिकीट कुठल्या कारागिराकडे जाईल, किती वेळात काम व्हायला हवं, सगळं ठरलेलं. आणि शेवटी ज्याने तक्रार केली त्याने "काम झालं" असं दाबल्याशिवाय तिकीट बंद होणार नाही.

हे ठरवायला बैठक झाली. मॅनेजरबाईंनी फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. काका खुर्चीत अंग चोरून बसले होते. बाईंनी विचारलं, "काका, तक्रार कोण कोण करू शकेल? ज्यांना ऑफिसचा ईमेल आहे ते सगळे. पण तळघरातल्या लोकांचं काय? सफाईच्या बायका, ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन?"

काकांना त्या मंडळींची माया फार. एवढे चौकोन आणि बाण त्यांच्या गळ्यात कशाला मारायचे, असं वाटून ते म्हणाले, "त्यांना कशाला ही भानगड? त्यांचं मी बघतो."

"नक्की?"

"होईल."

बाईंनी तळघराचा चौकोन पुसून टाकला. सगळ्यांनी चहा घेतला आणि बैठक संपली.

सुरुवातीला काकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. जिन्यात कुणी अडवेना. लिफ्टमध्ये लोक नुसते हसायचे. पण हळूहळू त्यांनाही ते आवडायला लागलं. आता काही विसरायचा प्रश्नच नव्हता. फोन टिंग करायचा, प्लंबर निघायचा, सुतार निघायचा. ती डुगडुगती खुर्चीसुद्धा एकदाची सरळ झाली, कारण भिडस्त माणसाला तिकीट टाकायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "यंत्र चांगलं आहे हो. माझ्यापेक्षा बरं लक्षात ठेवतं."

"त्याला काय, त्या खुंटीला अडकवलेली पिशवीही तुमच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवील," काकू म्हणाल्या.

मग एक दिवस मॅनेजरबाईंनी काकांना बोलावलं आणि संगणकावर आकृती दाखवली. प्रत्येक कारागिराच्या कामाचा एकेक उभा पट्टा. प्लंबरचा उंच, एसीवाल्याचा त्याहून उंच, सुताराचा बरा. आणि वायरमनचा पट्टा म्हणाल तर जमिनीतून नुकतं डोकं काढलेलं गवत.

"काका, वरच्या मजल्यांवर दिवे सगळे नवीन आहेत. वायरमनला काम उरलेलंच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या करारात ती जागा कमी करायची असं वरून आलंय. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

काकांची जीभ डोक्याच्या आधी धावली. "होईल," ते म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांना लिफ्टमध्ये कळलं. वायरमन म्हणजे त्यांचा मेहुणा, काकूंचा पाठचा भाऊ. काकांनीच त्याला या कामावर आणलं होतं. केस पांढरे व्हायला लागलेले, गुडघा कुरकुरणारा. या वयात शिडी घेऊन दुसऱ्या कुठल्या दारात उभा राहणार? आणि तो रिकामा तर मुळीच नव्हता. दिवसभर तळघरात असायचा. पंपाची मोटर, ड्रायव्हरांच्या खोलीतला पंखा, गेटवरचा दिवा, सफाईच्या बायकांच्या खोलीतलं ओलसर भिंतीवरचं वायरिंग. सगळं जुनं, सगळं रोज रुसणारं. कुणी तरी हाक मारायचं, काका मेहुण्याला पाठवायचे, काम व्हायचं. त्यातलं एकही काम कुठे नोंदलेलं नव्हतं, कारण तळघराचा चौकोन काकांनी स्वतःच्या तोंडाने पुसायला लावला होता.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातला डाव खाली ठेवला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "होईल म्हणालो."

"माझ्या भावाला काढा म्हटलं आणि तुम्ही होईल म्हणालात?"

"तोंडातून गेलं."

काकू रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नुसत्या समोर बसल्या. "तुम्ही वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण एकदा तरी नाही म्हणायला शिका. उद्या जा आणि सांगा."

दुसऱ्या दिवशी काका गेले आणि त्यांनी सांगितलं. काही झाकलं नाही. काम आहे, नोंद नाही, आणि नोंद नाही ती माझ्यामुळे. मॅनेजरबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. "माझा विश्वास आहे काका," त्या म्हणाल्या. "पण माझ्या विश्वासावर वरचे सही करणार नाहीत. करार व्हायला थोडे दिवस आहेत. तेवढ्यात तळघराचं काम दिसायला लागलं तर मी भांडेन."

बाई बोलून थांबल्या नाहीत. त्यांनी तळघरात जागोजागी भिंतीवर चौकोनी स्टिकर लावून घेतले. कुणाच्याही फोनचा कॅमेरा त्यावर धरायचा आणि बोलायचं. बोललेलं आपोआप लिहिलं जायचं आणि तिकीट तयार. ईमेल नको, पासवर्ड नको.

पण एकानेही फोन धरला नाही. वॉचमन म्हणाला, "काका, तुम्हाला सांगितलं की तुम्ही येता. मग मी भिंतीशी कशाला बोलू? लोक वेडा म्हणतील." ड्रायव्हर हसले. सफाईच्या बायकांनी त्या स्टिकरवर ओलं फडकं फिरवून तो लख्ख ठेवला, एवढंच.

काकांना कळून चुकलं की आपण हाकेला धावतोय तोवर कुणी त्या भिंतीकडे वळणार नाही. त्यांनी मेहुण्याला बजावलं, "तिकिटाशिवाय शिडी उचलायची नाही."

"दाजी, तुम्हाला जमेल का?" मेहुणा म्हणाला.



परीक्षा लगेच आली. सफाईच्या बायकांच्या खोलीतला दिवा गेला. तिथे त्या कपडे बदलायच्या, डबे खायच्या, पाठ टेकायच्या. खिडकी नाही. त्यांच्या मुकादमबाईंनी वरून काकांना हाक मारून आणलं. बाई काकांपेक्षा थोड्या मोठ्या असतील, पण त्यांना दादा म्हणायच्या. काका आले, मागोमाग मेहुणा शिडी घेऊन आला, आणि दोघं दारात थांबले.

"या की आत," मुकादमबाई म्हणाल्या.

"तिकीट टाका," काका म्हणाले.

"काय टाकू?"

"आतल्या भिंतीवरच्या त्या स्टिकरवर फोन धरा आणि सांगा दिवा गेलाय म्हणून. मग आम्ही आत येतो."

"दादा, तुम्ही इथे उभे, हा शिडी घेऊन उभा, दिवा हातात. आणि मी भिंतीला सांगू?"

"हो."

"नाही सांगितलं तर?"

काकांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांनी या बाईला कधी दुखावलं नव्हतं. आत अंधारात कुणीतरी कुजबुजत होतं. "तर होणार नाही," ते म्हणाले.

मुकादमबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की काकांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मग त्यांनी दार लावून घेतलं. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, लावून टाकू का? कुणाला कळतंय."

"गप्प उभा राहा," काका म्हणाले. दिवा लावायला त्यांचेही हात शिवशिवत होते.

बराच वेळ गेला. दाराच्या फटीतून फोनच्या टॉर्चचा उजेड दिसला. मग काकांच्या खिशात टिंग झालं. तळघरातून आलेलं पहिलं तिकीट. त्यात लिहिलं होतं: "आमच्या खोलीतला दिवा गेला. दादा दारात उभे आहेत आणि आत येत नाहीत. त्यांना काय झालंय ते विचारा आणि वायरमनला पाठवा."

मेहुणा शिडी उचलून हसत आत गेला. दिवा लागल्यावर काकांनी मुकादमबाईंना खरं कारण सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "हे आधी सांगायचं नाही? आम्ही काय तुमच्या मेहुण्याला घरी बसू देऊ?"

मुकादमबाईंनी मग सगळ्या तळघराला कामाला लावलं. टिंग, टिंग, टिंग. पंपाच्या खोलीतला बोर्ड, गेटवरचा दिवा, पार्किंगच्या वळणावरचा अंधार. वायरमनचा पट्टा रोज थोडा वर चढत होता. मॅनेजरबाई ती आकृती घेऊन वर गेल्या, भांडल्या, आणि एक दिवस खाली येऊन म्हणाल्या, "काका, जागा राहिली." काकांचा जीव भांड्यात पडला. काकूंना फोनवर सांगितलं. नाक ओढल्याचा तेवढा आवाज आला.

गोष्ट इथे संपली असती तर काका सुखाने झोपले असते. पण तिकिटं थांबेनात. मेहुण्याच्या जागेची काळजी मिटली तरी येतच राहिली, आणि ती आता वायरमनची नव्हतीच. बाकाला खिळा वर आलाय, कपडे फाटतात. प्यायच्या पाण्याचा नळ फार खाली आहे. खोलीचा कोपरा पावसात गळतो. काका वाचत होते आणि गोंधळत होते. या खोलीत ते रोज डोकावत. हे सगळं त्यांना कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

मग एक तिकीट आलं: "बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी लागत नाही. एक जण आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते."

काका उठले आणि खाली गेले. मुकादमबाई पुसणी पिळत होत्या.

"ही कडी कधीपासून तुटलीय?"

"पहिल्यापासूनच म्हणा ना."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी रोज येतो की इथे."

"दादा, तुम्ही दिवा लावून दिलात, पंखा लावून दिलात. चांगल्या माणसाला किती छळायचं? आम्ही आपसात ठरवायचो, या वेळी दिव्याचं सांगू, बाकीचं राहू दे." बाईंनी पुसणी झटकली. "आणि पुरुषमाणसाला असलं कुठे सांगायचं. भिंतीची कसली भीड?"

काकांना वाटायचं, खालच्या लोकांना आपल्या राज्यात काही कमी नाही. हाक मारली आणि गेलो नाही असं कधी झालं नव्हतं. पण हाक मारताना त्या मोजून मारत होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. मुकादमबाईंना काही सांगावं असं वाटलं, पण "होईल" हा एकच शब्द तोंडाशी आला आणि तो त्यांनी गिळला.

काम सुताराचं होतं. पण काकांनी स्वतः चांगली जाड कडी निवडली आणि स्क्रू धरायला मेहुणा आपणहून आला. दोघांनी मिळून ती बसवली, दोनतीनदा लावून पाहिली आणि बाजूला झाले. एक बाई आत गेली. आतून कडीचा आवाज आला, खट्ट. दुसरी सवयीने बाहेर दार धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने दारावरचा हात काढला, हाताकडे बघितलं आणि चहाला निघून गेली.

काकांच्या खिशात टिंग झालं. तिकीट बंद झालं होतं. खाली दोन ओळी होत्या: "कडी लागते. आता कुणी उभं राहायला नको."