तीनशे साठ काड्या

राघोत्तम मद्रासच्या एका मेडिकल कॉलेजात सांगाडे जोडायचा. बेवारस प्रेतांची हाडं उकळायची, वाळवायची, तारेत ओवायची आणि माणूस पुन्हा उभा करायचा. काम असं, की कुणी विचारू नये आणि त्यानं सांगू नये. तरी ही नोकरी त्यानं मुद्दाम धरून ठेवली होती.

धाकटा भाऊ रंगा एकोणऐंशी साली घरातून निघून गेला तो गेलाच. लहानपणी चिंचेवरून पडून त्याचं गळ्याखालचं डावं हाड मोडलं होतं आणि वाकडंच सांधलं होतं. कॉलेजात नवं प्रेत आलं, की राघोत्तमचं बोट आधी तिथं जायचं. हाड सरळ लागलं की त्याला हायसं वाटायचं, आणि मग तसं वाटल्याचीच लाज वाटायची. तोही कुणाचा तरी भाऊ असणारच ना!

आई, अन्नपूर्णाबाई, रोज रंगाचं, तिच्या लाडक्या कण्णाचं, ताट वाढायची आणि ते गार होईतो स्वतः घास घ्यायची नाही. मग दोन घास, तेही नावाला. बारा वर्षांत तिचाच हाडांचा सापळा झाला होता. अशानं ही पुढचं वर्ष काढत नाही, या धास्तीनं राघोत्तमची झोप उडाली होती.

"बारा वर्षं झाली, आता विधी करावा," घरचे भटजी, वाध्यार, म्हणाले. "पळसाच्या तीनशे साठ काड्यांचा देह करून अग्नी द्यायचा. आई एकदा रडली, की जेवायला लागेल."

"जाळा की काड्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "माझा रंगा मेला नाहीं. मी रडणार नाहीं."

त्यांच्या वेलचेरीच्या घरामागं दर्भ अंथरले. "डोक्याला चाळीस, हातांना शंभर," वाध्यार सांगत गेले. राघोत्तमचे हात सवयीनं चालले. डाव्या खांद्याशी त्यानं एक काडी मध्येच मोडली आणि तिरकी बांधली.

"अय्यो, मोडकी काडी चालत नाही!" वाध्यार खेकसले. आपण काय केलं, ते राघोत्तमला तेव्हा कळलं.

दारातून अन्नपूर्णाबाई खाली आली. वाकून तिनं त्या काडीवर हात ठेवला.

"अजून दुखतंय कां रे, कण्णा?" तिनं विचारलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हंबरडा फोडला.

बारा वर्षं शोधलेलं हाड शेवटी राघोत्तमनं स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि आता त्यालाच अग्नी द्यायचा होता.