नाव मागून

तुम्ही पक्ष्याचं नाव घ्यायला तोंड उघडलंत, की अक्का तळहात आडवा धरायच्या. "नाव मागून. आदी काय दिसलं?"

त्यांच्या पक्षी-ओळखीच्या वर्गात पहिल्याच रविवारी मी या तळहाताला धडकलो. संभाजीनगरातली बँकेची नोकरी, गळ्यात नवीकोरी दुर्बीण आणि अंगात भलताच उत्साह. "गरुड!" मी ओरडलो.

"किती मोठा?"

"गरुडाएवढा."

सगळा वर्ग खो खो हसला. ती घार होती.

अक्का पिशोरकडच्या, मेंढ्यांमागे फिरून वाढलेल्या. पुढे वनमजूर झाल्या आणि आम्हा शहरी हौशी मंडळींना पक्षी ओळखायला, नोंदवायला शिकवू लागल्या. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायच्या. एकाने पक्षी पाहून वर्णन करायचं, दुसऱ्याने न पाहता चित्र काढायचं. माझ्या वर्णनावरून निघालेला चंडोल बघून म्हणाल्या, "सर, हे वांगं उडत व्हतं का बसलं व्हतं?" खरं सांगतो, राग यायचा. पण महिन्याभरात चोच, भुवई, शेपटीची कड असं सगळं दिसू लागलं आणि इतकी वर्षं आपण आंधळेच होतो की काय, असं वाटलं.

त्यांना एक गोष्ट बोचत होती. लहानपणी त्यांनी गावच्या गायरानात तणमोर पाहिला होता, गवतातून उड्या मारणारा. आता तो फार दुर्मीळ. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे, कारण नोंद नव्हती. आणि त्याच गायरानात झाडं लावायला खड्डे खणायचं ठरलं होतं.

"झाडं चांगलीच. पन गवतात ऱ्हाणाऱ्यानं जावं कुटं?" तणमोराची पक्की नोंद मिळाली, तरच खड्डे थांबणार होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी आम्ही पाच शिकाऊ तिथे दबा धरून बसलो होतो. एकदम गवतातून काहीतरी काळं सरळ वर उसळलं! आम्ही दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. अक्कांनी मात्र झटकन तिकडे पाठ केली आणि वही काढली.

"अक्का, बघा की!"

"नाय. मी बगितलं तर तोंडातून नाव निघंल, मग तुमी समदे तेच म्हणताल. एकेकानं या. कानात सांगा."

मी गेलो. "पोट काळं. मानेमागे पांढरं. डोक्यावरून मागे वळलेले तुरे. कोंबडीएवढा."

"उड्या किती?"

"सात... आठ... अजून मारतोय, अक्का!"

अक्कांनी आकडा लिहिला, पण मान वळवली नाही. पाचव्याचं लिहून झालं, सह्या झाल्या, तेव्हा त्या वळल्या. गवत नुसतं हलत होतं. तासभर थांबलो, तो परत दिसला नाही.

त्याच पाच नोंदींवर पुढे खड्डे थांबले. पण त्या सकाळी मला फार वाईट वाटलं. अक्कांनी वही पिशवीत ठेवली.

"सर, कशी मारली त्यानं उडी? करून दावा."

"इथे?"

"व्हय."

पन्नाशीचा मी, पोट सुटलेलं. दुर्बीण काढून ठेवली, हात पसरले आणि गवतात उडी मारली. बाकीचे हसले. अक्का हसल्या नाहीत, टक लावून बघत होत्या.

"आणखी एकदा," म्हणाल्या.