परकराच्या मापाचा किल्ट

माझ्या नवऱ्याने मला आयुष्यात एकच कपडा शिवून आणला, आणि तो गेल्यावर आठव्या महिन्यात मी तो टेलरकडे कापायला दिला. देताना मला काही वाटलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही आणि रडगाणंही गात नाही. त्या आठ महिन्यांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. ताट समोर आलं की मी जेवायचे, कंपनीची बस आली की चढायचे आणि मुसफ्फा आलं की उतरायचे.

मुसफ्फा म्हणजे अबू धाबीबाहेरची कारखान्यांची वस्ती; तिथल्या एका पोलादी सांगाडे बनवणाऱ्या फॅब्रिकेशन कंपनीत मी डॉक्युमेंटचं काम बघते. वर्कशॉपमध्ये तुकडा मोजतात, ते माप माझ्याकडे येतं, ड्रॉइंगशी जुळतंय का ते बघायचं, नाही जुळलं की लाल शेरा मारून परत. दोन मिलिमीटरवरून मी चांगल्या चांगल्यांची तोंडं पाडली आहेत. माझा नवरा तेलकंपनीत इंजिनिअर होता. तो म्हणायचा, "तुझ्या हाताखाली काम करण्यापेक्षा मी समुद्रात रिगवर बरा."

तो कपडा म्हणजे किल्ट. स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो. चौकटीच्या लोकरी कापडाचा, मागे भरगच्च चुण्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा. नवऱ्याच्या कंपनीत बरेच स्कॉटिश लोक होते आणि दर नोव्हेंबरात ते अबू धाबीतल्या एका हॉटेलात मोठं जेवण करायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे सगळे पुरुष किल्ट घालून ऐटीत फिरत होते आणि त्यांच्या बायका लांब झग्यांवर, खांद्यावरून त्याच चौकटीची एक पट्टी सोडून उभ्या होत्या. आमच्या टेबलावर नवऱ्याचा एक वयस्क सहकारी होता. मी त्याला मनातल्या मनात म्हातारबा म्हणायचे. मी सहज विचारलं, बायका नाही का घालत? म्हातारबा एकदम गंभीर झाला. किल्ट हा पुरुषांचा, बायकांनी पट्टी घ्यावी, फार तर हलकासा स्कर्ट घालावा, पण किल्ट नाही. त्याची बायको म्हणाली, आमच्या मुलीने एका लग्नात किल्ट घातला तर हा तीन दिवस घुम्यासारखा बसून होता.

झालं. परत येताना गाडीत माझं सुरू. "गुडघे दाखवायचे पुरुषांनी आणि बायकांनी नुसती पट्टी मिरवायची? हा कुठला न्याय? दिवाळीला हीच मंडळी आपल्याकडे कुर्ते घालून चकल्या चापतात, तेव्हा आपण विचारतो का त्यांना, तुमच्यात चालतं का म्हणून? ज्याला घालायचाय त्याने घालावा. आणि बायकांनी तर घालावाच!" नवरा गाडी चालवत होता. तो फक्त "हं" म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याला ट्रेनिंगसाठी तीन आठवडे अ‍ॅबर्डीनला पाठवलं. येताना त्याने एक मोठा चपटा खोका आणला. गडद हिरवा आणि निळा, मधून एक बारीक पिवळी रेघ, बाजूला चामड्याचे दोन पट्टे आणि बकलं. उचलला तर ब्लँकेटसारखा जड. मी तिथल्या तिथे सलवारवरून गुंडाळला, बकलं लावली आणि आरशात बघितलं. तो थेट घोट्यापर्यंत आला.

"अरे, हे काय?"

"किल्ट."

"किल्ट गुडघ्यापर्यंत असतो!"

"हो का?"

"माप काय दिलंस त्यांना?"

"तुझा परकर मोजून नेला होता. स्टीलच्या टेपने. अडतीस इंच."

मी इतकी हसले की पलंगावर बसले. आमची लेक तेव्हा तेरा वर्षांची, तिने फोन काढून व्हिडिओ घेतला. मी पाच मिनिटांत तो उतरवला, हँगरला लावला आणि कपाटात टांगला. नवऱ्याने खोका घडी घालून कचऱ्यात नेऊन टाकला आणि येऊन चहा टाकला.

त्यानंतर ती गोष्ट माझी झाली. मंडळाचा गणपती असो, हळदीकुंकू असो, कोणाचा वाढदिवस असो, कोणीतरी म्हणायचंच, "ए, ती परकराची सांग ना!" की मी सुरू. इंजिनिअर माणूस, दारं बंद करून बायकोचा परकर जमिनीवर पसरतोय, टर्रकन स्टीलची टेप ओढतोय, वहीत टिपतोय, आणि स्कॉटलंडच्या दुकानात जाऊन सांगतोय, अडतीस इंच! तिथे सगळे हसायचे. मी आकडा म्हणण्याआधी जरा थांबायचे, म्हणजे हशा मोठा पडायचा. तो कोपऱ्यात प्लेट घेऊन बसलेला असायचा, हसायचा, कधी उठून पाणी आणायला जायचा. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "परकरच की तो. वरून साडी नेस म्हणजे झालं." हेही मी गोष्टीत घातलं.

दर नोव्हेंबरात तो विचारायचा, "या वर्षी घालतेस?"

"वेडा आहेस का? या हवेत लोकर? आणि लांबी ही असली. लोक हसतील."

"हॉटेलात एसी असतो."

"पुढच्या वर्षी बघू."

"बरं."

मी सिल्कची साडी नेसायचे. असे चार नोव्हेंबर गेले. गाडीत ते एवढं मोठं भाषण ठोकणारी मीच, आणि घालायची वेळ आली की लोकांचं नाव पुढे करून म्हणणारीही मीच, की आपल्या वयाला ते कुठे शोभतंय.

मार्चमध्ये तो गेला. ऑफिसात, मीटिंग चालू असताना, छातीत जळजळतंय म्हणाला आणि खुर्चीत बसला तो बसलाच. मला फोन आला तेव्हा मी एका रिपोर्टवरची मापं तपासत होते. चार ओळी राहिल्या होत्या. मी त्या चार ओळी पुऱ्या केल्या, सही केली आणि मग निघाले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग कागदपत्रं, शिक्के, विमान, पुण्यात सगळं उरकणं, परत येणं, लेकीचा व्हिसा माझ्या नावावर करणं. प्रत्येक खिडकीवर मला सांगायचे, "इन्शाल्ला, टुमॉरो," आणि मी टुमॉरो जायचे. सगळ्या म्हणत, अगं रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं, त्याला मी काय करणार? लेक बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. मी बाहेरून म्हणायचे, "पाणी वाया जातंय."

नोव्हेंबरात त्या जेवणाचं आमंत्रण आलं. त्याच्या आठवणीत सगळे ग्लास उंचावणार होते, आम्ही दोघींनी यावं अशी त्यांची फार इच्छा होती. आम्ही येतो म्हणून मी कळवलं. त्याच दिवशी लेक हँगरसकट तो किल्ट घेऊन स्वयंपाकघरात आली. आता ती सतरा वर्षांची, बारावीत.

"मम्मा, कॅन आय वेअर धिस?"

"लांब आहे तो."

"कापून घेऊ या ना. नी-लेंग्थ. लाइक अ रिअल वन." मग थांबून म्हणाली, "ओन्ली इफ यू आर ओके. बाबाने तुझ्यासाठी आणला होता."

"चुकीचा आणला होता," मी म्हटलं. "ने. मला काय होतंय?"

आमच्या बिल्डिंगखाली एक लाहोरकडचा टेलर आहे. दोन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल, गळ्यात कायम टेप, आणि प्रत्येक बाईला 'बाजी', म्हणजे ताई. त्याने किल्ट उलटा केला, खालची कड बोटांनी चाचपली. "बाजी, इसमें नीचे सिलाई ही नहीं है. कपड़े की अपनी किनार है. काटूँगा तो किनार गई, मोड़ के सिलाई मारनी पड़ेगी."

"मारो."

"पक्का? ऐसा कपड़ा यहाँ नहीं मिलता, बाजी."

"काट दो, भाई. खलास."

"और जो बचेगा?"

"फेंक दो."

त्याने लेकीला उभं करून गुडघ्याशी खडूने खूण केली. दोन दिवसांनी किल्ट तयार होता. तिने घालून दाखवला. छान दिसत होता. मी खालची शिवण बघितली, सरळ होती, ओके म्हटलं.

जेवणाच्या दिवशी टेबल तेच होतं. म्हातारबा, त्याची बायको, नवऱ्याच्या खात्यातली दोन भारतीय जोडपी, आम्ही दोघी. मी पांढरट सिल्क नेसले होते. सूप झालं. सगळे रुमालांच्या घड्या करत बसले. तेव्हा त्यातली एक जण, बिचारी चांगल्या मनानेच, म्हणाली, "ती परकराची गोष्ट सांग ना. त्याला किती आवडायची!"

मी सांगितली. इंग्रजीत, कारण टेबलावर सगळे होते. तोंड आपोआप चालत होतं. दारं बंद, परकर जमिनीवर, टर्रकन टेप. आकड्याआधी जरा थांबले आणि म्हणाले, "थर्टी-एट इंचेस!" टेबल हसलं. लेक सगळ्यात जोरात हसली. ती उभी राहून सगळ्यांना कापलेला किल्ट दाखवू लागली, बघा, आता बरोबर आहे.

म्हातारबा हसला नाही. तो खालच्या शिवणीकडे बघत होता.

"किल्टला खाली शिवण नसते," तो म्हणाला. "तुम्ही कापलात?"

"हो. माप चुकलं होतं ना त्याचं."

त्याच्या बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो बाजूला केला. लेक तोपर्यंत दुसऱ्या टेबलाकडे गेली होती. त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. तो जे बोलला ते इंग्रजीत होतं, पण माझ्या डोक्यात ते आता मराठीतच राहिलं आहे.

"मी होतो त्या दुकानात. अ‍ॅबर्डीनला आम्ही बरोबरच होतो. दुकानदाराने त्याला तीनदा विचारलं, बाईसाठी? आणि इतका लांब? मीसुद्धा म्हटलं, मुळात बायकांनी घालू नये, आणि घालायचाच तर निदान गुडघ्यापर्यंत तरी कर. त्याला सगळं माहीत होतं. किल्ट कुठवर असतो ते त्याला माहीत नसेल का? दर वर्षी बघत होता. तो म्हणाला, माझी बायको म्हणते बायकांनी घालावा. पण ती बोलते, घालणार नाही. पाय उघडे टाकायला तिला लाज वाटेल. परकराएवढा असला तर सवयीचा वाटेल. मग घालेल."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पहिल्यांदा या टेबलावर ही गोष्ट सांगितलीत ना, तेव्हा मीही त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, किती छान सांगते ती. राहू दे."

मी "ओह" म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी चमच्याने ग्लास वाजवला. नवऱ्याचं नाव घेतलं गेलं, सगळे उभे राहिले, मीही राहिले. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

टॅक्सीत लेकीने विचारलं, "व्हॉट वॉज ही टेलिंग यू?"

"काही नाही. शिवणीबद्दल सांगत होता."

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी टेलरचं शटर वर जायच्या आधीच मी खाली जाऊन उभी राहिले. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. तो आला, कुलूप काढलं, दिवे लावले.

"भाई, वो कपड़ा? हरा वाला. जो नीचे से काटा था."

तो गोंधळला. टेबलाखालची चिंध्यांची पिशवी बघितली, इस्त्रीच्या टेबलामागे बघितलं, माझ्यासाठी सगळं दुकान उपसलं. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाजी, वो तो उसी दिन कचरे में गया. आप ही ने तो बोला था."

बोलले होते. रोज लोकांच्या चुका शोधते मी, खाली कोणाची सही आहे ते बघते. इथे शेराही माझा आणि सहीही माझी.

त्याला वाटलं, त्याच्याच हातून काहीतरी बिघडलं. त्याने गळ्यातली टेप काढली. "लंबाई ग़लत हो गई क्या? कितनी होनी थी?"

"अडतीस," मी म्हणाले.

गेली चार वर्षं या आकड्यावर लोक हसत आले होते. टेलर हसला नाही. तो अर्धवट उघडलेली टेप हातात धरून वाट बघत राहिला. मी मशीनची कड धरली. त्याने घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं, आणि मी त्याच्या दुकानात, दोन मशीनांच्या मध्ये बसून हंबरडा फोडला. तो बाटलीचं झाकण काढून देत होता, बाजी पानी, बाजी पानी करत होता. मी ते घेत नव्हते. मी त्याला मराठीतून सांगत होते, त्याला काही कळत नसताना परत परत सांगत होते, की माप बरोबर होतं रे. अडतीसच बरोबर होतं.