उसाचा मांडव

काल तुळशीचं लग्न लागलं. आज सकाळी डेकोरेटर प्लास्टिकच्या फुलांचे फोटो घेऊन आला, तर माझी लेक अंगणात वृंदावनावरच्या उसांकडेच बघत उभी.

"काका, माझ्या लग्नाला असाच मांडव घाला. ऊस, जोंधळ्याची कणसं, झेंडू."

"ताई, संध्याकाळपर्यंत कोमेजेल सगळं."

"कोमेजू दे. लग्न सकाळचं आहे."

मी मध्ये पडणार होते, पण नजर त्याच्या हातातल्या फोटोंवर गेली. ती न कोमेजणारी फुलं आजवर किती मांडवांत टांगली असतील, आणि एकाही लग्नाची झाली नसतील.

"आणि नंतर एवढ्या उसाचं करायचं काय?" डेकोरेटरनं विचारलं.

लेकीनं वृंदावनावरचा एक ऊस उपसला, गुडघ्यावर मोडला आणि अर्धा त्याच्या हातात दिला.

"कालचा मांडव आहे. खाऊन बघा."